वहीत नसलेली ओळ

गमऱ्यांच्या वहीत चूक नव्हती. हे वाक्य मी अकरा वर्षांपूर्वी, एका रविवारी दुपारी, पुण्यातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसांसमोर म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. पुढे म्हणायच्या संधी आल्या, त्याही सोडल्या. आता गमरे नाहीत. मध्यंतरी आमच्या शाळेच्या स्मरणिकेत त्यांच्यावर चार ओळी छापून आल्या. त्यातली एक अशी : ‘त्यांनी बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्रॅम तयार केला होता, परंतु त्यातील मूलभूत दोषामुळे तो यशस्वी होऊ शकला नाही.’ लिहिणाऱ्या तरुण शिक्षकाची यात काही चूक नाही. ही माहिती त्याला कधीतरी मीच दिली होती.

काशिराम गमरे महाडला आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. लागले ते शिपाई म्हणून, मग लॅबमध्ये आले आणि तिथेच राहिले. मी गणित शिकवायचो. राहायला ते जवळच्या नाते गावात, तिथल्या बौद्धवाडीत. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने यायचे, साडेपाचच्या गाडीने परत जायचे. उंच, खांद्यात जरा वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात दोन्ही बाजूंनी टोक केलेली पेन्सिल. उजव्या हाताच्या दोन बोटांवर ॲसिड सांडल्याचे जुने डाग होते, त्यामुळे ती बोटं नीट वाकायची नाहीत. लॅबमधल्या प्रत्येक बाटलीवर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी असायची. त्या अक्षराला वळण नव्हतं, पण ते कधी चुकायचं नाही.

खोडरबर ते वापरत नसत. चुकलेल्या शब्दावर एकच बारीक रेघ मारायचे, खालचा शब्द वाचता येईल अशी. मी एकदा म्हटलं, “अहो गमरे, स्वच्छ खोडून तरी टाका.”

“नाय सर. चूक दिसली पायजे. पुसून टाकली की ती परत येते.”

शाळेत संगणक आले तेव्हा त्यांच्यावर कव्हरं घालायचं, काढायचं आणि धूळ पुसायचं काम गमऱ्यांकडे आलं. शिकवायला आलेला कंत्राटी मुलगा सहा महिन्यांत नोकरी सोडून गेला आणि जाताना प्रोग्रॅमिंगचं एक इंग्रजी पुस्तक टेबलावर विसरला. गमरे जुने मॅट्रिक. त्यांनी शब्दकोश शेजारी ठेवून ते पुस्तक दीड वर्ष वाचलं. संगणक त्यांना फक्त शनिवारी मिळायचा, सकाळची शाळा सुटल्यावर. आठवड्यातले बाकीचे दिवस वही. शंभर पानी, रेघांची. प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ आधी वहीत जायची, तिच्यापुढे मराठीत कारण लिहिलेलं असायचं, आणि कारण पटलं तरच ती शनिवारी संगणकात. त्यांचा नियम साधा होता : वहीत नाही ते संगणकात नाही, संगणकात आहे ते सगळं वहीत आहे.

त्यांची बोटं कीबोर्डवर चालायची नाहीत. म्हणून वहीतून संगणकात उतरवायचं काम मी करू लागलो. ते वाचायचे, मी टाईप करायचो. पुढे पुढे ते वाचतसुद्धा नसत. वही माझ्याजवळ देऊन बाटल्या पुसत बसायचे. मी निवृत्त झाल्यावरही शनिवार चुकवला नाही. नंतर त्यांनी पतपेढीतून कर्ज काढून एक लॅपटॉप घेतला. त्यावरही टाईप करायचो मीच.

गंमत म्हणजे गमऱ्यांना बुद्धिबळ खेळता येत नव्हतं. म्हणजे सोंगट्या कशा चालतात ते ठाऊक होतं, पण सहावीतल्या मुली त्यांना हरवायच्या. हरले की हसायचे. “मला पुढचं दिसत नाय, सर. दिसत असतं तर लिवला कशाला असता?”

मला मात्र खेळता यायचं. तालुक्यात माझं नाव होतं. त्यांच्या प्रोग्रॅमने मला पहिल्यांदा हरवलं, ती बातमी सोमवारी शिक्षकांच्या खोलीत माझ्याआधी पोचली होती. प्रोग्रॅमला त्यांनी आपल्या वडलांचं नाव दिलं होतं : धोंडू.

“काय सर, धोंडूनं मारलं म्हणे तुम्हाला?” भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

“शिपायाच्या बापाकडून हरलात की हो!” दुसरा कोणीतरी.

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. तिथे ती कोणी उच्चारली नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाला कळली. मला ती लागली, हे मी आज लिहितो आहे. त्या वेळी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

धोंडूचं वैशिष्ट्य काय होतं ते सांगितल्याशिवाय माझी चूक कळणार नाही. ते मला गमऱ्यांनी सांगितलं आंबेनळी घाटात. शाळेची सहल महाबळेश्वरला निघाली होती. चहासाठी बस थांबली, मुलं कठड्याशी गोळा झाली. गमऱ्यांनी मला बाजूला नेऊन खालची दरी दाखवली.

“सर, ती झाडी दिसते? माझा बाप तिथं म्हशी शोधायचा.”

“कोणाच्या?”

“ज्याची हरवंल त्याची. आमचं मूळ घर कुडपणच्या अंगाला. बाप नंतर नात्याला आला. वरच्या लोकांची जनावरं ह्या दऱ्यांत उतरायची, मंग धोंडूला बोलवा. म्हस लोकांची, पाय बापाचे.”

मी हसलो, ते हसले नाहीत.

“निघताना आई शिदोरी बांधायची. आठ भाकऱ्या, तर आठ. एक भाकरी संपंपर्यंत जेवढं चालणं होतं तेवढं चालायचं, पुढं दुसरी. संपली शिदोरी की मागं फिरायचं, दुसरी वाट धरायची. पण समजा शेवटची भाकरी संपली आणि समोर ताजं शेण दिसलं. मंग? मागं फिरायचं?”

“नाही. म्हैस जवळच असणार.”

“म्हणून बाप काय करायचा, शेण दिसलं, मोडलेली फांदी दिसली, की त्या टप्प्याला अख्खी भाकरी खायची नाय. चतकोर खायची. म्हणजे त्या वाटेवर लांबवर जाता येतं. पण सर, रानात शेण काय एकाच ठिकाणी असतं? एक दिसलं की पुढं दुसरं, मंग तिसरं. नुसत्या चिन्हांच्या मागं गेला माणूस तर घरी येत नाय. आमचा एक चुलता तसाच गेला. चौथ्या दिवशी सापडला, तो मेलेला.” त्यांनी चहाचा कागदी कप चुरगळून खिशात ठेवला. “म्हणून बापाचे दोन नियम. शेण आणि त्याच्याच बाजूला खुराचा ठसा, ही दोन चिन्हं धरायची नाय, एकच म्हस हाय ती. आणि दुसरा, चिन्ह कितीबी ताजं असू द्या, शिदोरीच्या दुपटीपलीकडं एका वाटेवर जायचं नाय. नाय म्हणजे नाय. म्हस गेली तर गेली.”

धोंडू असाच खेळायचा. कुठलाही बुद्धिबळाचा प्रोग्रॅम आपली खेळी, समोरच्याचं उत्तर, पुन्हा आपली खेळी अशा पायऱ्या उतरत जातो आणि ठरावीक पायरीला थांबून समोरची स्थिती चांगली की वाईट ते ठरवतो. पण मारामारी ऐन रंगात असताना थांबला तर तो फसतो. म्हणून राजाला शह बसला, किंवा समोरच्याला एकच उत्तर उरलं, की तिथे न थांबता थोडं पुढे जावं लागतं. अडचण अशी की शहामागून शह येतात. प्रत्येक वेळी पुढे गेलं तर फांद्यांना फांद्या फुटत जातात आणि प्रोग्रॅम परतच येत नाही. पुढे जाण्याला लगाम घालणं, हे या विद्येतलं अवघड काम. मोठमोठ्या लोकांनी त्यावर डोकं चालवलेलं आहे. गमऱ्यांना त्यांची नावंही ठाऊक नव्हती. त्यांच्याकडे बापाची शिदोरी होती : साध्या खेळीला एक भाकरी, एकमेव उत्तराला अर्धी, शहाला चतकोर, दोन चिन्हं एकदम आली तर एकच धरायचं, आणि मूळ शिदोरीच्या दुपटीला सक्त थांबायचं. ही शेवटची, दुपटीची अट म्हणजे प्रोग्रॅममधली एकच ओळ होती.

तिच्यावर ते इतके निर्धास्त होते की घड्याळाकडे धोंडू दर पायरीचा हिशेब संपल्यावरच बघायचा, मध्ये नाही. अट असल्यावर कुठलीही पायरी फार लांबणारच नव्हती.

माझं भांडण त्या ओळीशी. एका शनिवारी मी एक डाव मांडला. त्यात लागोपाठ दहा शह देऊन मात होती. मला ती दिसली, धोंडूला दिसली नाही. तो अटीपाशी थांबला आणि भलतंच प्यादं सरकवलं.

“बघा,” मी म्हणालो. “ही तुमची अट त्याला आंधळा करते. काढा ती.”

“ही एक म्हस सापडंल, सर. बाकीच्या नव्याण्णव वाटांवर हा परत येणार नाय.”

“अहो, चाळीस वर्षं खेळतोय मी.”

“खेळता ना. तुमाला ठाऊक असतं कुठल्या वाटेला जायचंच नाय. त्याला नसतं.” आणि त्यांनी वही मिटली. उद्धटपणा नव्हता त्यात. लॅबमध्ये एखाद्या मुलाला ‘ही बाटली नाय, ती’ म्हणायचे, त्याच सुरात म्हणाले. पण मी त्यांचा सर होतो, आणि माझ्यापुढे वही मिटली होती.

त्याच वर्षी पुण्यात अशा घरगुती प्रोग्रॅमांची स्पर्धा होती. अर्ज मी भरला. माझं नाव आधी घातलं, गमऱ्यांचं नंतर. त्यांनी ते वाचलं आणि अर्ज पाकिटात घालून माझ्याकडे दिला. दोन दिवस, सहा फेऱ्या. बारा प्रोग्रॅम होते, बहुतेक इंजिनिअरिंगच्या मुलांचे, एकेकाचं नाव इंग्रजी सिनेमासारखं. त्या यादीत ‘धोंडू’ वाचून एक मुलगा फिसकन हसला. चौथ्या फेरीनंतर हसायचा थांबला. पटावर खेळी करायला, घड्याळ दाबायला मी बसायचो आणि गमरे माझ्यामागे उभे. पहिल्या दिवशीच्या पाच फेऱ्यांत आमचे साडेतीन गुण झाले. शेवटचा डाव जिंकला तर दुसरा क्रमांक होता. शनिवारी संध्याकाळी तिथल्या एका प्राध्यापकांनी गमऱ्यांना बाजूला बसवून शिदोरीची सगळी पद्धत समजून घेतली. वहीची पानं उलटताना ते मध्येच थांबले आणि गमऱ्यांकडे पाहून म्हणाले, “हे तुम्ही स्वतः काढलंत?”

“बापानं,” गमरे म्हणाले.

माझ्याकडे त्या प्राध्यापकांनी पाहिलंसुद्धा नाही.

रविवारी सकाळी गमरे चहा आणायला गेले. लॅपटॉप माझ्यापुढे उघडा होता. मी त्या ओळीपुढे दोन तिरप्या रेघा घातल्या. तशा घातल्या की संगणक ती ओळ वाचत नाही, ती नुसती शेरा म्हणून पडून राहते. मग माझा तो दहा शहांचा डाव मांडून पाहिला. धोंडूने मात शोधली. मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसलो. जिंकल्यावर सांगायचं, सगळ्यांदेखत सांगायचं, असं मी ठरवलं होतं. गमरे दोन्ही हातांत कप सांभाळत आले आणि म्हणाले, “साखर कमी घालाया सांगितली तुमच्यासाठी.”

दुपारी शेवटच्या डावात समोरच्याचा राजा उघड्यावर आला. आमचा वजीर आणि दोन हत्ती त्याच्याभोवती. कुठलाही साधा शह दिला तरी डाव आमचा होता. स्क्रीनवर ‘पायरी नऊ’ आलं आणि तिथेच राहिलं. आमची बावीस मिनिटं शिल्लक होती. पाच गेली. दहा गेली. पाचव्या मिनिटालाच मला कळलं होतं काय झालंय ते. नियमाप्रमाणे मला मध्ये हात घालता येत नव्हता, हे खरं आहे. पण तोंड उघडायला कुठल्याच नियमाची आडकाठी नव्हती.

“सर,” मागून गमरे हळूच म्हणाले, “हा परत का येत नाय?”

मी म्हणालो, “बघू. येईल.”

घड्याळावर शून्य आलं. समोरचा मुलगा ओशाळून म्हणाला, “सॉरी काका.” मागून कोणीतरी म्हणालं, “घराच्या दारात येऊन झोपला की धोंडू!” गमरे पुढे झाले, समोरच्या प्रोग्रॅमच्या दोन्ही मुलांशी त्यांनी हात मिळवला. प्राध्यापक त्यांना बाजूला घेऊन काहीतरी विचारू लागले. ते सगळे पाठमोरे होते तेवढ्यात मी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि त्या दोन तिरप्या रेघा काढून टाकल्या. एक मिनिट लागलं. मग झाकण मिटलं.

परतीच्या एस.टी.त त्यांनी वही मांडीवर उघडली होती. वरंध्याच्या वळणांवर अक्षर दिसत नव्हतं, तरी बोट ओळींवरून फिरत होतं. घाट उतरल्यावर म्हणाले, “सर, एक इचारू? उतरवताना एखादी ओळ राह्यली तर नसंल?”

“नाही. मी दोनदा ताडून बघतो, तुम्हाला माहीत आहे.”

“हां. माफ करा. इचारायला नको होतं मी.”

त्यानंतर त्यांनी मला हा प्रश्न पुन्हा केला नाही. लॅपटॉपमधला प्रोग्रॅमही कधी उघडून वाचला नाही. तो वाचणं म्हणजे माझ्यावर संशय घेणं, असं त्यांना वाटत असावं. वाचला असता तरी काय सापडणार होतं? मी ओळ जागच्या जागी ठेवली होती.

तीन आठवड्यांनी पुण्याहून पत्र आलं. हरण्याचं मनावर घेऊ नका, पद्धत उत्तम आहे, आमच्या प्रयोगशाळेत नोकरीला या, मुलांना शिकवा, तुमच्या नावाने ती प्रसिद्ध करू. फक्त शेवटच्या डावात काय बिघडलं तेवढं शोधून या. गमऱ्यांना तेव्हा बावन्नावं होतं. आयुष्यभर मुलांच्या हातून बाटल्या काढून घेणारा माणूस. पत्र त्यांनी मला चार वेळा वाचायला दिलं. “नावानं म्हणजे, सर, बापाचं नाव पण घालता येईल काय त्यात?”

मग शोध सुरू झाला. दर शनिवारी ते तीच स्थिती मांडायचे आणि धोंडू दर शनिवारी दोन मिनिटांत शह देऊन मोकळा व्हायचा. एकदाही अडकला नाही. त्यांनी वहीतली प्रत्येक ओळ नव्या वहीत उतरवून तपासली. मग आणखी एका वहीत. हॉलमधल्या उकाड्याचा संशय घेतला, विजेचा घेतला. मी समोर बसून मान हलवत होतो. कधी कधी सूचनाही करत होतो. होय, सूचना करत होतो.

हरणाऱ्या प्रोग्रॅमची एक खोड असते. पुढे वजीर जाणार हे दिसलं की तो मध्येच बिनकामाचे शह देत सुटतो. त्याने वजीर वाचत नाही, पण त्याचं जाणं नजरेच्या टप्प्यापलीकडे ढकललं जातं आणि प्रोग्रॅमला वाटतं, संकट टळलं. गमऱ्यांनी धोंडूची ही खोड मोडली होती. माझी मोडणारं कोणी नव्हतं. पुढच्या शनिवारी सांगू, परीक्षा झाल्या की सांगू, गणपती झाले की सांगू.

दीड वर्षाने त्यांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. प्राध्यापकांना लिहिलेलं उत्तर. “सर, भाषा बघा जरा.”

त्यात लिहिलं होतं : ‘माझ्या पद्धतीत दोष आहे. तो मला सापडत नाही. एकाच स्थितीला प्रोग्रॅम एकदा वेडा होतो, एकदा शहाणा, म्हणजे दोष मी विचार केला त्यातच कुठेतरी आहे आणि माझ्या बुद्धीला तो दिसत नाही. असं काम मुलांना शिकवू नये. आपण माझ्या नावाने काही छापू नये ही विनंती.’

मी म्हटलं, “घाई करू नका गमरे. अजून बघू.”

“किती बघायचं? दुपटीपलीकडं गेलो मी, सर.” हे म्हणताना ते हसले. “मंग मागं फिरायला नको?”

मी कागद पुन्हा वाचला. ‘विनंती’च्या आधी ‘नम्र’ घातलं आणि परत दिला. आयुष्यात खूप चुका झाल्या. पेन हातात घेऊन केलेली ही एक.

त्यानंतरचे गमरे वेगळे. वही बंद झाली. लॅपटॉप त्यांनी भाच्याला देऊन टाकला. पण गोष्ट बुद्धिबळाशी थांबली नाही. बाटलीवर स्वतःच लिहिलेली चिठ्ठी वाचायचे आणि मग एखाद्या शिक्षकाला बोलावून विचारायचे, “हे गंधकाचंच हाय ना?” ॲसिड ओतायला दुसरा माणूस उभा लागायचा. मुलं मागे नक्कल करायची. शेवटी मुख्याध्यापकांनी त्यांना लॅबमधून काढून घंटेवर ठेवलं. तिथेही घड्याळ बघून झाल्यावर कोणाला तरी विचारायचे, “वाजले ना?” शिक्षकांच्या खोलीत म्हणायचे, “त्या धोंडूनं डोकं खाल्लं ह्याचं.” निवृत्तीनंतरही माझं शाळेत जाणं-येणं होतं, मी ते ऐकलं आहे. एकदा मीही दुजोरा दिला आहे.

अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, चार वर्षांनी गेले. हृदय. स्मरणिका आल्यावर मी नात्याला गेलो आणि वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

“किती वर्सं म्हणता?”

“अकरा.”

“मला वाटायचं त्यांना काय लागलं. भगताकडं नेलं नाय एवढंच. तसलं मानायचे नाय ते.” त्यांनी ताटातला एक खडा वेचून बाजूला टाकला. “दोन वर्सं माझ्याशी बोलणं नाय. नुसतं वहीशी. एक रेघ होती म्हणता?”

“दोन रेघा.”

“त्यांना सांगितलं असतं तर रागावले नसते हो ते. हसले असते.” मग त्यांनी ताट बाजूला सारलं. “आता मला कशाला सांगता? माझ्याकडनं माफी घेऊन जायला आलाव काय? लिवा. तुमचं नाव घालून लिवा, आणि जिथं त्यांचं वाईट छापलं तिथं नेऊन द्या.”

म्हणून लिहितो आहे. याची एक प्रत शाळेला दिली आहे, एक पुण्याच्या प्राध्यापकांना पाठवली आहे. दुपटीची अट बरोबर होती. दोन चिन्हं एक धरण्याचा नियम बरोबर होता. धोंडू त्या दिवशी परत आला नाही कारण त्याला परत आणणारी ओळ मी बंद केली होती. पद्धत संपूर्णपणे काशिराम धोंडू गमरे यांची. त्यात माझं काहीही नाही.

गमऱ्यांना मी शेवटचं पाहिलं ते महाडच्या एस.टी. स्टँडवर, ते जाण्याआधी तीन-साडेतीन महिने. सकाळचे अकरा वाजले असतील. डॉक्टरकडून आले होते, हातात औषधांची पिशवी. मला पाहून उठून उभे राहिले. मी बसा म्हटलं तरी उभेच.

“बरे आहात?”

“हाय की. जिना चढलो की थांबतो जरा, एवढंच.” मग म्हणाले, “भाच्याचा पोरगा मागं लागलाय, आजोबा ते संगणकाचं शिकवा. मी सांगितलं, बाबा, माझं शिकून फसशील. सरांकडं जा. सरांचं काम पक्कं.”

मी तेव्हा सांगणार होतो. खरोखर, तोंड उघडलं होतं मी. “गमरे, तो पुण्याचा डाव,” इतकं म्हणालो.

“जाऊ द्या हो, सर. तुमी कशाला वाईट वाटून घेता? तुमी काय कमी केलंत माझ्यासाठी?”

तेवढ्यात गाडी लागली. काचेवर मोठ्या अक्षरात ‘नाते’ लिहिलेलं होतं. ज्या मार्गाच्या गाडीने त्यांनी सबंध नोकरी काढली, त्याच मार्गाची. गमऱ्यांनी पाटी वाचली. शेजारच्या बाईला विचारलं, “ही नात्याची?” ती हो म्हणाली. पलीकडच्या माणसाला विचारलं, तोही हो म्हणाला. तरी पाय उचलेना. गर्दी चढत होती, लोक त्यांना ढकलून पुढे जात होते. मग त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

“सर, ही नात्याचीच ना?”

“हो,” मी म्हणालो. “हीच.”

त्यांचा चेहरा मोकळा झाला. दांडा धरून ते सावकाश चढले आणि खिडकीजवळ बसले. कंडक्टर तिकीट द्यायला आला तेव्हा त्यांनी त्याला काहीही विचारलं नाही.